सिलिकॉन नायट्राइड: कुठे वापरावे आणि कुठे हात आवरावा

चाकणच्या एका ॲल्युमिनियम फाउंड्रीत काम करणाऱ्या अभियंत्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. लो प्रेशर डाय कास्टिंगच्या भट्टीतली त्यांची बिडाची रायझर नळी, म्हणजे जिच्यातून वितळलेला ॲल्युमिनियमचा रस वर साच्यात चढतो ती नळी, काही आठवड्यांतच खाल्ली जाते. पुरवठादार सिलिकॉन नायट्राइडची नळी सुचवतो, पण तिची किंमत कित्येक पट आहे. दुसरा पुरवठादार त्याच नावाची नळी बरीच स्वस्त देतो. त्यांच्या मशिन शॉपमधल्या स्पिंडलच्या, म्हणजे यंत्राच्या वेगाने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, बेअरिंगमध्येही याच पदार्थाचे छर्रे असल्याचे कॅटलॉग सांगतो. तेव्हा हा पदार्थ एकच आहे का, तो फुटणार नाही ना, आणि खर्च वसूल होईल का, असे ते विचारतात. मी बरीच वर्षे तांत्रिक सिरॅमिकच्या उत्पादनात आणि त्याहून अधिक काळ फुटलेल्या सिरॅमिकच्या तपासणीत घालवली आहेत, त्यामुळे उत्तरात फुटण्याचा भाग जास्त आला तर तो व्यवसायाचा दोष समजावा.

पहिली गोष्ट म्हणजे सिलिकॉन नायट्राइड हे एका पदार्थापेक्षा एका कुटुंबाचे नाव आहे. रासायनिक सूत्र एकच, सिलिकॉनचे तीन अणू आणि नायट्रोजनचे चार. परंतु बनवण्याची पद्धत बदलली की ताकद तिपटीने-चौपटीने बदलते. याचे मूळ या दोन मूलद्रव्यांमधल्या बंधात आहे. हा बंध बहुतांशी सहसंयुज, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेणारा, असून इतका घट्ट आहे की अणू सहजी जागा सोडत नाहीत. ॲल्युमिनाची, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडची, भुकटी दाबून भट्टीत भाजली की तिचे कण एकमेकांना चिकटतात आणि मधली पोकळी भरून येते. सिलिकॉन नायट्राइडची शुद्ध भुकटी तशी भाजली तर ती भुकटीच्या फार पुढे जात नाही. तापमान आणखी वाढवावे म्हटले तर साध्या दाबाच्या नायट्रोजनमध्ये सुमारे १९०० अंश सेल्सिअसला हा पदार्थ वितळण्याऐवजी विघटित होतो, म्हणजे ओतकामाचा मार्गही बंद. या अडचणीतून जे दोन मार्ग निघाले, त्यांची तुमच्यासमोरच्या दोन नळ्या ही फळे आहेत.

स्वस्त नळी बहुधा अभिक्रिया-बंधित प्रकारची असेल. यात सिलिकॉन धातूची भुकटी नळीच्या आकारात दाबतात आणि ती नायट्रोजनच्या भट्टीत साधारण १२०० ते १४५० अंशांच्या दरम्यान सावकाश, बऱ्याचदा काही दिवस ठेवतात. सिलिकॉन नायट्रोजन शोषून घेतो. पूर्ण अभिक्रिया झाली तर वजन सुमारे ६६ टक्क्यांनी वाढते आणि घन भागाचे आकारमान सुमारे २२ टक्क्यांनी. मौज अशी की ही वाढ आतल्या पोकळ्यांमध्येच मावते आणि नळीची बाहेरची मापे जवळजवळ बदलत नाहीत. त्यामुळे अवघड आकार कच्च्या अवस्थेतच कातून घेता येतात आणि हिऱ्याच्या चाकाने घासण्याचा मोठा खर्च वाचतो. अभिक्रिया मात्र उष्णता बाहेर टाकणारी आहे. घाई केली तर बराच सिलिकॉन शिल्लक असतानाच आतले तापमान त्याच्या वितळबिंदूपलीकडे, म्हणजे १४१४ अंशांच्या वर जाते आणि वितळलेल्या सिलिकॉनचे थेंब नळीच्या अंगावर घामासारखे बाहेर येतात. असा माल उघड्या डोळ्यांनीही ओळखता येतो. सर्व नीट झाले तरी १५ ते २५ टक्के सच्छिद्रता उरते आणि वाकण्यातली ताकद साधारणपणे २०० ते ३०० मेगापास्कलवर थांबते.

महाग नळी घन सिंटरिंगची, म्हणजे भुकटी भाजून पोकळी न ठेवता घट्ट केलेली. यात सिलिकॉन नायट्राइडच्या भुकटीत काही टक्के यिट्रिया, ॲल्युमिना किंवा मॅग्नेशिया ही धातूंची ऑक्साइडे मिसळतात. प्रत्येक कणावर सिलिकाचा पातळ थर आपसूकच असतो. भट्टी तापली की ही ऑक्साइडे आणि तो सिलिका मिळून काचेसारखा द्रव तयार होतो. मूळ भुकटी अल्फा रूपातली असते. ती या द्रवात विरघळते आणि बीटा रूपात पुन्हा स्फटिकते, आणि बीटाचे स्फटिक लांबट, सुईसारखे वाढतात. विघटन टाळण्यासाठी भट्टीत नायट्रोजनचा दाब ठेवतात. बेअरिंगच्या छर्ऱ्यांसाठी तर शेवटी १००० वातावरणांच्या किंवा त्याहूनही अधिक दाबाखाली गरम समदाबन करतात, म्हणजे तापवून सर्व बाजूंनी सारखा वायूचा दाब देतात. परिणामी सच्छिद्रता जवळजवळ शून्यावर येते आणि सुयांचे दाट जाळे तयार होते. कुडाच्या भिंतीत काटक्या जे काम करतात, तेच काम इथे या सुया करतात. भेग सरळ धावू शकत नाही, तिला सुईला वळसा घालावा लागतो, आणि ती पुढे सरकली तरी मागे काही सुया दोन्ही काठांना धरून ठेवतात. म्हणून याचा भंग-चिवटपणा, म्हणजे असलेली भेग पुढे सरकू न देण्याची क्षमता, ॲल्युमिनाच्या जवळजवळ दुप्पट भरते. ॲल्युमिना साधारण ३ ते ४, तर चांगले सिलिकॉन नायट्राइड ६ ते ७ मेगापास्कल-वर्गमूळ-मीटर. पोलाद याच मापावर कितीतरी पुढे असते, हे विसरू नये.

द्रवाची किंमत मात्र मोजावी लागते. भट्टी थंड झाल्यावर तो काच होऊन सुयांच्या मधे उरतो आणि हजार अंशांच्या पुढे मऊ होऊ लागतो. म्हणजे ज्या गोष्टीमुळे हा पदार्थ बनवता आला, तीच त्याच्या उष्णतेतल्या कामाला मर्यादा घालते. ऑक्साइडचे प्रमाण आणि प्रकार बदलून ही मर्यादा वरखाली करता येते. १९७१-७२ च्या सुमारास जपानमध्ये आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन थेट स्फटिकाच्या जाळीतच सामावून घेणारे सायलॉन तयार झाले. त्यात काचेचे प्रमाण कमी ठेवता येते, आणि निकेलच्या मिश्रधातूंच्या कर्तनात आज ते चांगले रुळले आहे.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण त्याचा तुमच्या प्रश्नाशी संबंध आहे. सत्तरच्या दशकात या पदार्थावर सरकारांनी आणि मोटार कंपन्यांनी भरपूर पैसा ओतला तो सिरॅमिक गॅस टर्बाइनच्या आशेने. धातूपेक्षा जास्त तापमान सहन करणारी पाती मिळाली की इंधन वाचेल, हा हिशोब. तो पूर्णत्वाला गेला नाही. काच मऊ होण्याचा प्रश्न होताच. शिवाय सिलिकॉन नायट्राइडला ऑक्सिडीकरणापासून वाचवणारा सिलिकाचा थर ज्वलनातल्या पाण्याच्या वाफेशी उच्च तापमानाला संयोग पावून वायुरूपात उडून जातो आणि पाते हळूहळू झिजते. टर्बोचार्जरमध्ये यश आले. १९८५ साली निस्सानने प्रवासी मोटारीत सिलिकॉन नायट्राइडचे टर्बाइन चाक बसवले, चाक हलके असल्याने टर्बो लवकर वेग घेई. पुढे बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, कंपनीच्या मर्यादेबाहेर वाढवणाऱ्या हौशी मंडळींनी अशी चाके मोडूनही दाखवली. आज मात्र या पदार्थाचा मोठा व्यवसाय जिथे आहे, त्यातली बरीच कामे थंड किंवा कोमट आहेत. बेअरिंगचे छर्रे १०० अंशांच्या आसपास फिरतात. इलेक्ट्रॉनिक्समधल्या पट्ट्या २०० अंशांच्या आत असतात. ज्या कामासाठी हा पदार्थ वाढवला ते काम त्याने अर्धवट केले आणि ज्याची कोणी फारशी वाट पाहत नव्हते त्यात तो रुळला. म्हणून कॅटलॉगमधला "१४०० अंशांपर्यंत" हा ठळक आकडा पाहून खरेदी करू नये.

आता फुटण्याबद्दल. कॅटलॉगवर वाकण्यातली ताकद ८०० मेगापास्कल लिहिलेली असते आणि धातूची सवय असलेला अभियंता तिला उत्पन्न-सीमेसारखा, म्हणजे धातू ज्या ताणाला कायमचा वाकू लागतो तसा, स्थिर आकडा समजतो. सिरॅमिकची ताकद त्या तुकड्यातल्या सर्वांत वाईट दोषावर ठरते. चिवटपणा ६ धरला आणि पृष्ठभागावर अर्धवर्तुळाकार भेग मानली, तर ८०० मेगापास्कलला तुकडा मोडण्यासाठी सुमारे ३५ मायक्रोमीटर खोलीची भेग पुरते. म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. हेच गणित १०० मेगापास्कलसाठी केले तर भेग २ मिलिमीटरहून थोडी खोल लागते, आणि ती तर तपासणीत कोणालाही दिसेल. माझ्या मते सिरॅमिकच्या अभिकल्पाचे बहुतेक शहाणपण या दोन आकड्यांच्या मधल्या अंतरात आहे. ताण कमी ठेवला की हा पदार्थ चुका पोटात घालतो; ताण वाढवला की ग्राइंडिंगचा एक ओरखडाही त्याला पुरतो.

दुसरे, मोठ्या तुकड्यात मोठा दोष सापडण्याची शक्यता अधिक असते. ८०० चा आकडा ३ बाय ४ मिलिमीटर छेदाच्या छोट्या पट्टीवर मोजलेला असतो. तुकड्यातुकड्याची ताकद किती एकसारखी आहे याचा निर्देशांक, म्हणजे वायबुल गुणांक, १५ धरला आणि ताण सोसणारे आकारमान हजारपट झाले, तर अपेक्षित ताकद सुमारे ६३ टक्के, म्हणजे ५०० च्या आसपास उरते. नळी विकणाऱ्याने पट्टीचा आकडा दाखवला तर त्यात लबाडी नाही, पण तो तुमच्या नळीचा आकडा नव्हे.

उष्णतेच्या धक्क्यात मात्र हा पदार्थ खरोखर उजवा आहे, आणि तुमच्या कामाला तेच लागते. याचा प्रसरणांक प्रति अंश ३.२ दशलक्षांश इतका कमी आहे. ताकद, लवचिकता गुणांक (भाराखाली न दबण्याचे माप) आणि प्रसरण यांचे नेहमीचे गुणोत्तर मांडले तर अचानक बदलाची सहनसीमा ६०० अंशांच्या जवळ येते, तर ॲल्युमिनासाठी तेच गणित ९० च्या आसपास थांबते. प्रत्यक्ष आकडे तुकड्याच्या जाडीवर आणि थंड होण्याच्या वेगावर बदलतात, पण दोघांमधली दरी खरी आहे. ॲल्युमिनाची नळी ७०० अंशांच्या रसात सरळ बुडवली तर बहुतेक वेळा तडकते. सिलिकॉन नायट्राइडची, थोडी तापवून घेतली तर, सहसा तडकत नाही.

आता तुमची नळी. बिडाची नळी झिजते याचे कारण वितळलेला ॲल्युमिनियम लोखंड विरघळवतो. नुकसान नळीपुरते राहत नाही. रसात लोह वाढते, सुईसारखे लोहयुक्त संयुगांचे स्फटिक तयार होतात आणि कास्टिंगची तन्यता, म्हणजे न तुटता ताणले जाण्याची क्षमता, घसरते. चाकाच्या रिमसारख्या मालात हा दोष नळीच्या किमतीपेक्षा महाग पडतो. सिलिकॉन नायट्राइडला वितळलेला ॲल्युमिनियम सहसा ओलावत नाही, म्हणून रस चिकटत नाही आणि लोहही मिसळत नाही. अभिक्रिया-बंधित की घन, हा प्रश्न सच्छिद्रतेवर सुटतो. थर्मोकपलच्या संरक्षक नळीला अभिक्रिया-बंधित प्रकार बऱ्याचदा पुरेसा असतो, कारण तिच्यावर भार जवळजवळ नसतो. रायझर नळीचे काम निराळे आहे. भट्टीतल्या रसावर वायूचा दाब दिला जातो आणि रस नळीतून वर साच्यात चढतो. नळीच्या भिंतीतून किंवा सांध्यातून वायू आत शिरला तर बुडबुडे थेट कास्टिंगमध्ये जातात. म्हणून रायझरसाठी मी घन प्रकारच घेईन आणि प्रत्येक नळीची गळतीची चाचणी मागेन. स्वस्त नळी घेऊन पोकळ्या असलेल्या कास्टिंगचा ढीग वितळवत बसण्यात काटकसर नाही.

एका कारखान्यात अशाच नळ्या पहिल्याच आठवड्यात मोडल्या आणि दोष अर्थातच मालावर आला. मी मोडलेले तुकडे मागवले. सिरॅमिकचा भंगलेला पृष्ठभाग वाचता येतो. सुरुवातीच्या बिंदूभोवती आरशासारखा गुळगुळीत भाग असतो, मग धुके आल्यासारखा पट्टा आणि पुढे खडबडीत रेषा, आणि आरसा जितका लहान तितका मोडतानाचा ताण मोठा. सगळ्या नळ्यांचा उगमबिंदू वरच्या कॉलरच्या, म्हणजे नळीच्या रुंद काठाच्या, खाली, एकाच बाजूला होता. पोलादाचा फ्लँज थेट कॉलरवर बसवला होता आणि बोल्ट एका बाजूने आवळत नेले होते. शिवाय पोलाद प्रति अंश सुमारे १२ दशलक्षांश वाढते. १५० मिलिमीटर व्यासाचा सांधा ४०० अंशांनी तापला तर दोघांच्या वाढीत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक पडतो. हा अर्धा मिलिमीटर कुठेतरी जिरवावा लागतो. सिरॅमिक फायबरची गास्केट, कॉलरखाली मोठी गोलाई आणि समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, ठरलेल्या टॉर्कने आवळण्याची शिस्त, इतके केल्यावर त्याच मालाच्या नळ्या टिकल्या. त्यानंतर जी एक मोडली ती ड्रॉस, म्हणजे रसावरची मळी, काढताना बसलेल्या लोखंडी सळईच्या फटक्याने. या फटक्यावर कुठलाही गुणधर्म उपाय नाही. माणसांना दाखवून, समजावून सांगावे लागते.

स्पिंडलच्या बेअरिंगमध्ये हाच पदार्थ वेगळ्या कारणांनी येतो. घनता ३.२ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, पोलादाची ७.८, म्हणजे त्याच मापाचा छर्रा पोलादाच्या सुमारे ४१ टक्के वजनाचा. वेग वाढला की छर्रे केंद्रोत्सारी बलाने बाहेरच्या कड्यावर रेटले जातात आणि उष्णता वाढते. हलक्या छर्ऱ्यांत हे बल त्याच प्रमाणात घटते. शिवाय सिरॅमिक आणि पोलाद एकमेकांना सूक्ष्म वेल्डसारखे चिकटत नाहीत, त्यामुळे वंगण काही क्षण अपुरे पडले तरी पृष्ठभाग लगेच खरवडला जात नाही. अमेरिकेच्या स्पेस शटलच्या मुख्य इंजिनात द्रव ऑक्सिजनच्या पंपावर वंगणाचा प्रश्न सर्वांत बिकट होता. तिथे नव्या पंपात सिलिकॉन नायट्राइडचे छर्रे बसवले गेले आणि तो पंप १९९५ मध्ये प्रथम उड्डाणावर गेला. विजेच्या मोटारींमध्ये कारण आणखी वेगळे. मोटारीला वीज पुरवणाऱ्या इन्व्हर्टरच्या झटपट चालू-बंद होण्याने शाफ्टवर विजेचा दाब तयार होतो, तो छर्ऱ्यातून ठिणगी पाडत कड्यावर जातो आणि कड्यावर पन्हाळीसारखे चरे उमटतात. विद्युतरोधक छर्रा ही वाटच बंद करतो.

यात एक खाच आहे. सिलिकॉन नायट्राइडचा लवचिकता गुणांक सुमारे ३१० गिगापास्कल, पोलादाचा २०८; छर्रा कमी दबतो, स्पर्शाचे क्षेत्र लहान होते आणि त्याच भाराला कड्यावरचा संपर्क-ताण दहा-बारा टक्क्यांनी वाढतो. टूल जॉबवर आदळून स्पिंडल ठोकला गेला की छर्रा शाबूत राहतो आणि पोलादाच्या कड्यावर खळगे पडतात. त्यामुळे तुमच्या स्पिंडलची जुनी बेअरिंगे कूलंट आत शिरल्याने किंवा अशा आपटण्याने गेली असतील, तर सिरॅमिक छर्ऱ्यांवर पैसे घालण्यापूर्वी सील आणि ऑपरेटरकडे पाहावे. छर्ऱ्यांची किंमत जास्त असण्याला घासण्याचा वेळ जबाबदार आहे, तशी तपासणीही. तयार होताना छर्रे एकमेकांवर आदळले की पृष्ठभागावर इंग्रजी सी अक्षरासारखी बारीक चंद्रकोर-भेग पडते. ती प्रतिदीप्त रंग लावून अतिनील प्रकाशात शोधावी लागते, आणि फिरत्या संपर्कात छर्रा सोलला जाण्याची सुरुवात बहुधा अशाच भेगेतून होते.

कर्तनाबद्दल एवढेच, की करड्या बिडासाठी, म्हणजे ब्रेक डिस्क किंवा इंजिन ब्लॉकसारख्या कामात, सिलिकॉन नायट्राइडचे इन्सर्ट, म्हणजे टूलला बसवायचे धारदार तुकडे, मिनिटाला ८०० ते १००० मीटर वेगाने उत्तम चालतात, आणि कोल्हापूरच्या कास्टिंगवर काम करणाऱ्या शॉपमध्ये ते वापरण्यासारखे आहेत. पोलादावर वापरू नयेत. कर्तनात होणाऱ्या तापमानाला लोह या पदार्थाशी रासायनिक झीज घडवते आणि धार पाहता पाहता जाते. पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये याच्या पातळ पट्ट्यांवर तांबे चढवतात. ॲल्युमिनियम नायट्राइड उष्णता जवळजवळ दुप्पट वाहून नेते, पण सिलिकॉन नायट्राइडची पट्टी ताकदवान असल्याने निम्म्या जाडीची चालते आणि गरम-थंड होण्याची कितीतरी अधिक आवर्तने सोसते.

फुटलेल्या सिरॅमिकवर आळ घेण्यापूर्वी थांबावे याचे एक मोठे उदाहरण अंतराळातले आहे. जपानच्या आकात्सुकी यानावर सिलिकॉन नायट्राइडचे ५०० न्यूटनचे इंजिन होते. ७ डिसेंबर २०१० रोजी शुक्राच्या कक्षेत शिरताना ते नोझलजवळ तुटले. तपासाचा निष्कर्ष असा निघाला की इंधनाच्या टाकीला दाब देणाऱ्या हेलियमच्या वाहिनीतली झडप क्षार साचून नीट उघडली नाही, मिश्रणाचे प्रमाण बिघडले, ज्वलन अपेक्षेपेक्षा तापले आणि मग सिरॅमिक गेले. पाच वर्षांनी छोट्या थ्रस्टरच्या जोरावर यान कक्षेत पोहोचले.

तुमच्या ऑर्डरपूर्वी पुरवठादाराला विचारायच्या गोष्टी मोजक्या आहेत: घनता किती आणि ती प्रत्येक नळीवर मोजली का, सिंटरिंगसाठी कोणते ऑक्साइड वापरले, ताकदीचा आकडा किती पट्ट्यांचा आणि वायबुल गुणांक किती, कॉलरचा कोपरा घासल्यानंतर कोणत्या दिशेने ओरखडे राहिले आहेत. शेवटच्या प्रश्नाला उत्तर देता न येणाऱ्याकडून मी नळी घेत नाही. मिळालेली नळी दर वेळी रसात सोडण्यापूर्वी पुरती वाळवून ३०० ते ४०० अंशांपर्यंत तापवा, बदललेल्या प्रत्येक नळीची तारीख आणि मोडण्याची जागा वहीत लिहा. आणि बिडाच्या नळीचा जुना फ्लँज तसाच ठेवून नवी नळी त्यात बसवण्याचा विचार असेल, तर आधी तो फ्लँज बदला, मग नळीची ऑर्डर द्या.